सवय कोणाला होते? : कोंबडीचे अंडे, जंतू आणि औषध-प्रतिरोध

१. प्रश्नाचे स्वरूप

गिरगाव, दादर, परळ किंवा लालबाग येथील कोणत्याही दवाखान्यात घटकाभर बसले असता एक वाक्य हटकून कानी पडते : "आता या गोळीची सवय झाली आहे, हिने काही होत नाही." बोलणाऱ्याचा अभिप्राय असा की, तेच ते औषध वारंवार घेतल्याने त्याच्या शरीराला ते अंगवळणी पडले आणि म्हणून निष्प्रभ ठरले. अफू, मद्य किंवा झोपेच्या गोळ्या यांच्यासंबंधी हे म्हणणे यथार्थ आहे. तेथे शरीर खरोखरच सरावते आणि पूर्वीचा परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. जंतुनाशक अशा प्रतिजैविक औषधांच्या बाबतीत मात्र हे वाक्य मुळातच चुकीचे आहे. तेथे सवय (हा शब्द तूर्त तसाच ठेवला तर) रोग्याला होत नसून रोगजंतूला होते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. औषधाची सवय शरीराला होते असे मानले, तर तो ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न ठरतो. शेजाऱ्याने कोणती गोळी किती दिवस घेतली, याच्याशी दुसऱ्याला कर्तव्य उरत नाही. मग शेकडो किलोमीटरांवरील एखाद्या कुक्कुटपालन केंद्रात कोंबड्यांच्या पाण्यात काय मिसळले जाते, याच्याशी तर मुळीच नाही. परंतु सवय जंतूला होते असे एकदा ध्यानी घेतले, की सर्व चित्र पालटते. कारण जंतू एका देहात बसून राहणारा नाही. तो कोंबडीच्या आतड्यातून अंड्याच्या कवचावर, कवचावरून ट्रेवर, ट्रेवरून दुकानदाराच्या हातावर आणि तेथून स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊ शकतो. तो येताना आपली 'सवय'ही बरोबर आणतो.

प्रस्तुत लेखात कोंबडीच्या अंड्याचे उदाहरण घेऊन ही प्रक्रिया प्रथम वस्तुस्थितीच्या अंगाने समजावून दिली आहे, आणि त्यानंतर तिच्यासंबंधी बोलताना मराठी भाषक जे शब्द व ज्या वाक्यरचना योजतात, त्यांचा विचार केला आहे.

२. परळ : तीन संस्थांचा परिसर

जनावर, जंतू आणि माणूस यांचा एकत्र विचार करावयाचा, तर परळइतके सूचक ठिकाण मुंबईत दुसरे नाही. येथे १८८६ साली बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. पुढे १८९६ मध्ये शहरात प्लेगची साथ उद्भवली. तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. १९२६ मध्ये जवळच किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

जनावरांचे वैद्यक, जंतूंचे शास्त्र आणि माणसांचे वैद्यक अशी तीन दारे येथे चालत जाण्याजोग्या अंतरावर आहेत. शास्त्रांच्या सोयीसाठी ही विभागणी आवश्यकच होती. जंतू मात्र ती पाळत नाही. तो तिन्ही दारांतून ये-जा करतो. अलीकडे जगभर 'एक आरोग्य' या नावाने जो विचार पुढे आला आहे, त्याचे मर्म एवढेच आहे. अंड्याइतके त्याचे घरगुती उदाहरण दुसरे सापडणार नाही.

३. अंड्याची तटबंदी

मुंबई अंडी खाते, पिकवीत नाही. महाराष्ट्रातील उत्पादनही राज्याच्या मागणीला पुरे पडत नसल्याने शेजारच्या राज्यांतून, विशेषतः तेलंगण, कर्नाटक व तमिळनाडू येथून, अंड्यांच्या गाड्या येतात. तीस-तीस अंड्यांचे ट्रे एकावर एक रचलेले, वरती छप्पर आणि सभोवती शहराची दमट हवा, हे दृश्य दादरच्या बाजारात किंवा लालबागच्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी कोणीही पाहिलेले असते. अंडे थंड जागी ठेवले जाते ते बहुधा घरी पोहोचल्यावरच. तरीही ते सहसा नासत नाही, याचे श्रेय त्याच्या रचनेला आहे.

अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीच्या द्रव्याचे असते. ते भरीव दिसले तरी त्यात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. एका अंड्यात ही संख्या दहा हजारांच्या आसपास जाते. आतील पिलाला श्वास घेता यावा म्हणून निसर्गाने केलेली ही योजना होय. या छिद्रांवर बाहेरून एक पातळ आवरण असते, आणि कवचाच्या आतल्या बाजूस दोन पापुद्रे असतात. उकडलेले अंडे सोलताना टरफलाला चिकटून येतो, तोच हा पापुद्रा. त्याच्या आत पांढरा बलक, आणि सर्वांच्या मध्ये पिवळा बलक.

पांढरा बलक हा केवळ पौष्टिक द्रव नसून तो जंतूंना अडविणारा खंदकही आहे. त्यातील एक प्रथिन लोह घट्ट धरून ठेवते व जंतूंना त्याच्या वाढीस आवश्यक असलेल्या लोहाला मुकविते. अंडे जसजसे जुने होते, तसतसा हा बलक अधिक क्षारधर्मी होतो आणि जंतूंना मानवत नाही. शिवाय त्यात लायसोझाइम नावाचे द्रव्य असते, ते काही जातींच्या जंतूंची भित्तिका विरघळविते. हे द्रव्य अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी शोधून काढले व १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. अश्रूंत ते आहे आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात तर विपुल आहे, हे त्यांनीच दाखविले. पेनिसिलिनचा शोध त्यांना त्यानंतर, १९२८ मध्ये लागला. जंतुनाशक औषधांच्या इतिहासात अंडे असे प्रारंभीच येऊन जाते.

ही तटबंदी दोन मार्गांनी भेदली जाते. पहिला मार्ग बाहेरून आत येणारा. कोंबडीची विष्ठा व अंडे यांना शरीराबाहेर पडण्याचे द्वार एकच असल्याने कवचावर आतड्यातील जंतू लागणे स्वाभाविक असते. अंडे बाहेर येते तेव्हा कोंबडीच्या देहाइतके, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापलेले असते. ते निवू लागले की आतील द्रव आकुंचन पावतो व छिद्रांतून हवा आत ओढली जाते. त्याच वेळी कवच ओले व घाणीने माखलेले असेल, तर ओलाव्याबरोबर जंतूही आत जातात. गरम अंडे थंड पाण्याने धुतले असता नेमके हेच घडते. तडकलेल्या अंड्याच्या बाबतीत तर तटच फुटलेला असतो.

दुसरा मार्ग आतल्या आत असतो. साल्मोनेला एन्टेरिटिडिस नावाचा जंतू कोंबडीच्या बीजकोशात व अंडनलिकेत वस्ती करू शकतो. कोंबडी वरकरणी निरोगी दिसते, अंडी नेहमीप्रमाणे घालते. आणि कवच बनण्यापूर्वीच एखाद्या अंड्यात जंतू शिरलेला असतो. अशी अंडी थोडीच असतात. पण ती बाहेरून ओळखू येत नाहीत. स्वच्छ, अखंड आणि ताजी दिसतात. प्रारंभी त्यांत जंतूंची संख्या अल्प असते. उष्ण हवेत अंडे राहिले, की पिवळ्या बलकाभोवतीचे पटल शिथिल होते, त्यातील पोषक द्रव्ये पांढऱ्या बलकात झिरपतात आणि खंदकाचे पाणी शत्रूला पिण्याजोगे होते. हवा जितकी उष्ण, तितके हे लवकर घडते. मुंबईत ऑक्टोबर किंवा मे महिन्यात अंडी किती दिवस उघड्यावर राहिली, या प्रश्नाला महत्त्व येते ते यामुळे.

४. साल्मोनेला आणि त्याची कुळी

साल्मोनेला या नावाचा सामन माशाशी काही संबंध नाही. अमेरिकेतील पशुवैद्य डॅनियल सामन यांच्या आडनावावरून ते पडले. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ मध्ये या कुळीतील एक जंतू वेगळा काढला होता. पशुवैद्याच्या नावाचा जंतू माणसाच्या रुग्णालयात नित्य भेटावा, ही गोष्ट वर सांगितलेल्या तीन दारांच्या संदर्भात लक्षणीय आहे.

या कुळीचे अनेक प्रकार आहेत. विषमज्वर ज्याने होतो, तो साल्मोनेला टायफी केवळ माणसातच राहतो. कोंबडीच्या अंड्यातून विषमज्वर होत नाही. अंड्यातून येणारे प्रकार सामान्यतः ताप, पोटात कळा व अतिसार निर्माण करतात. धडधाकट माणूस काही दिवसांत औषधावाचूनही बरा होतो. तान्ही मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि रोगाने खंगलेली माणसे यांच्या बाबतीत मात्र जंतू आतड्यातून रक्तात शिरण्याचा धोका असतो, आणि तेथे प्रतिजैविक औषधांवाचून गत्यंतर नसते.

भारतातील बाजारात असे जंतू आढळतात काय, या प्रश्नाचे एक नेमके उत्तर कोइमतूर येथील एका पाहणीने दिले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत तेथील किरकोळ बाजारांतील ४९२ अंडी तपासण्यात आली. त्यांपैकी ३८ अंड्यांत साल्मोनेला सापडला. २९ अंड्यांच्या कवचावर आणि ९ अंड्यांच्या आत. अंडी ठेवण्याच्या ट्रेवरही तो आढळला. सापडलेल्या जंतूंपैकी बहुतेक एन्टेरिटिडिस या प्रकारचे होते, आणि ॲम्पिसिलिन, निओमायसिन, पॉलिमिक्सिन-बी व टेट्रासायक्लिन या औषधांना प्रतिरोध त्यांच्यात मोठ्या प्रमाणावर दिसून आला. यांपैकी पॉलिमिक्सिन हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

अशा पाहणीचे निष्कर्ष सांगताना शब्द किती जपून योजावे लागतात, याचा धडा ब्रिटनने १९८८ च्या डिसेंबरात घेतला. तेथील आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातील अंड्यांच्या 'बहुतेक उत्पादनात' साल्मोनेलाचा शिरकाव झाल्याचे विधान केले. ऐकणाऱ्यांनी 'बहुतेक अंडी दूषित आहेत' असा त्याचा अर्थ घेतला. अंड्यांचा खप एकाएकी कोसळला आणि करीबाईंना राजीनामा द्यावा लागला. अंड्यांत साल्मोनेला होता, हे खरे. बहुतेक अंड्यांत तो होता, हे खरे नव्हते. पुढे १९९८ पासून तेथे कोंबड्यांना लस टोचण्याची योजना सुरू झाली व हा रोग पुष्कळच आटोक्यात आला. तात्पर्य, भय आणि बेफिकिरी या दोहोंहून वेगळा असा तिसरा मार्ग उपलब्ध आहे.

५. प्रतिरोध कसा निर्माण होतो

अनुकूल परिस्थितीत असा जंतू सुमारे वीस मिनिटांत दुभंगून एकाचे दोन होतो. आठ तासांत चोवीस पिढ्या होतात आणि एका जंतूची संतती १ कोटी ६७ लाखांवर जाते. इतक्या प्रती निघताना नकलेत चुका होणारच. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक असतात. परंतु एखादी चूक अशी असते की, तिच्यामुळे विशिष्ट औषध त्या जंतूला मारू शकत नाही. औषध नसेल तेव्हा या जंतूला कोणताही अधिक मान नसतो. कोट्यवधींत तो एक. औषध आले की इतर मरतात व तो उरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्याचीच संतती पसरते.

तांदूळ चाळणीत घालून चाळले असता बारीक कण्या खाली पडतात व अखंड दाणे वर राहतात. चाळणीने कोणत्याही कणीचा दाणा केलेला नसतो; जे दाणे आधीपासूनच अखंड होते, तेवढेच तिने मागे ठेवलेले असतात. प्रतिजैविक औषध ही अशी चाळणी आहे. ते जंतूला प्रतिरोध शिकवीत नाही; प्रतिरोधी जंतू तेवढे शिल्लक ठेवते. चाळणी जितक्या वेळा फिरेल, तितके उरलेले अधिक एकजात होतील. औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर हा धोका वाढतो, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ मधील आपल्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना १९५४ मध्ये झाली. म्हणजे महाराष्ट्रात पेनिसिलिन तयार होऊ लागण्यापूर्वीच त्याच्या दुरुपयोगाची सूचना जगाला मिळालेली होती.

याहून गंभीर असा दुसरा प्रकार जपानमध्ये १९५९ साली उजेडात आला. आमांशाच्या जंतूंचा अभ्यास करताना असे दिसले की, प्रतिरोधाचा गुण एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे थेट जाऊ शकतो. जंतूच्या शरीरात मुख्य आनुवंशिक द्रव्याखेरीज प्लाझ्मिड नावाची छोटी वलये असतात. प्रतिरोधाची जनुके त्यांवर असली, तर त्यांची प्रत एका जंतूकडून शेजारच्या जंतूला दिली जाते. म्हणजे प्रतिरोध केवळ वारसाने मिळत नाही, तो उसनाही मिळतो. कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जंतू माणसाच्या आतड्यात येऊन स्वतः काही अपाय न करता तेथील घातक जंतूला हे उसने देऊ शकतो. अंड्यावर रोगजंतू नाही, एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही, ते याकरिता.

६. खुराड्यापासून रुग्णालयापर्यंत

कोंबड्यांना प्रतिजैविके देण्याचे हेतू दोन. एक रोगनिवारणाचा. हजारो कोंबड्या एका छपराखाली असल्या की एकीला झालेला रोग सर्वांना होण्यास वेळ लागत नाही. यास्तव औषध पाण्यातून किंवा खाद्यातून सर्वांना दिले जाते. प्रत्येक कोंबडी सारखे पाणी पीत नसल्याने मात्रा कोणाला जास्त, कोणाला कमी मिळते. दुसरा हेतू वाढीचा. १९५० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळले की, खाद्यात प्रतिजैविकाचा अल्प अंश मिसळला असता जनावरे लवकर वाढतात. ही प्रथा जगभर पसरली. अल्प मात्रा, दीर्घ काळ आणि अगणित जंतू : चाळणी फिरत राहण्यास याहून अनुकूल परिस्थिती कल्पिता येणार नाही. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास २००६ पासून पूर्ण बंदी घातली.

या गोष्टीचा मुंबईशी असलेला संबंध २०१० मध्ये स्पष्ट झाला. त्या वर्षी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कार्बापेनेम या प्रबळ औषधगटाला न जुमानणारे आतड्यातील जंतूंचे २४ नमुने त्यांनी तपासले होते. त्यांपैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ हे विकर निर्माण करणारे जनुक सापडले. या विकराला 'न्यू दिल्ली' हे नाव दिल्याबद्दल देशात मोठा वाद झाला. नावाविषयी जितकी चर्चा झाली, तितकी वस्तूविषयी झाली असती तर बरे झाले असते.

कार्बापेनेम निष्फळ ठरले की वैद्यांच्या हाती जी थोडी औषधे उरतात, त्यांत कोलिस्टिन हे प्रमुख होते. मूत्रपिंडांना अपायकारक म्हणून पूर्वी बाजूला ठेवलेले हे जुने औषध निरुपायाने पुन्हा हाती घ्यावे लागले. कोलिस्टिन हे पॉलिमिक्सिन गटातीलच होय. रुग्णालयात ते अखेरचे शस्त्र म्हणून जपले जात असता तेच कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास वापरले जात होते. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधील संशोधकांनी, कोलिस्टिनला प्रतिरोध देणारे व प्लाझ्मिडवरून इतर जंतूंकडे जाणारे जनुक डुकरांत, कोंबडीच्या मांसात आणि रुग्णांत सापडल्याचे जाहीर केले. भारत सरकारने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यपालन व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांस बंदी केली. खुराडे आणि अतिदक्षता विभाग एकाच औषधावर अवलंबून राहू शकत नाहीत, याची ही कायदेशीर कबुली होती.

७. शब्दांचा विचार

इतके विवेचन झाल्यावर आरंभीच्या वाक्याकडे वळता येईल. "मला हे औषध लागू पडत नाही" या वाक्यात कर्ता 'औषध' आहे आणि माणूस चतुर्थीत आहे. मराठीत देहाचे व मनाचे अनुभव बहुधा याच रचनेने व्यक्त होतात : मला ताप आला, मला भूक लागली, मला सवय झाली. ही रचना भाषेत इतकी खोल रुजलेली आहे की, औषधाच्या अपयशाचा अनुभवही सहजपणे तिच्यात बसतो. परिणाम असा होतो की, औषध व माणूस या दोघांनाच वाक्यात स्थान मिळते; जंतूच्या वाट्याला एकही विभक्ती येत नाही. जो या घटनेतील मुख्य पात्र आहे, तोच वाक्याबाहेर राहतो.

दुसरा घोटाळा 'प्रतिकारशक्ती' या शब्दाने होतो. रोगाशी झुंजण्याचे शरीराचे जे सामर्थ्य, त्याला हा शब्द रूढ आहे. ते वाढणे इष्ट. परंतु 'जंतूंची प्रतिकारशक्ती वाढली' असाही प्रयोग वृत्तपत्रांतून आढळतो, आणि हे वाढणे अनिष्ट. एकच शब्द दोन विरोधी पक्षांच्या बळाला लावला, की वाचकाचा गोंधळ अटळ होतो. त्यात प्रतिकार, प्रतिबंध, प्रतिरोध, प्रतिपिंड, प्रतिजैविक असे सर्वच शब्द 'प्रति' या एकाच उपसर्गाने आरंभ होणारे. प्रतिजैविकाला मराठी विश्वकोशाने 'प्रतिजैव पदार्थ' असे म्हटले आहे. कोणताही पर्याय घेतला तरी शरीराच्या बळाला 'प्रतिकार' आणि जंतूच्या औषधविरोधाला 'प्रतिरोध' असा विभाग कटाक्षाने पाळणे श्रेयस्कर.

तिसरा घोटाळा 'अंड्यात औषध असते' या बोलण्यात आहे. कोंबडीला दिलेल्या औषधाचा काही अंश अंड्यात उतरणे ही एक गोष्ट. त्या औषधाला न जुमानणारे जंतू अंड्यावर असणे ही दुसरी. पहिली रसायनाची, मोजता येणारी व कालांतराने नाहीशी होणारी. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा अंशांच्या मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. दुसरी सजीवाची, स्वतः वाढणारी. औषधाचा लवलेश नसलेल्या अंड्यावरही प्रतिरोधी जंतू असू शकतो. संस्कृतात 'जंतु' म्हणजे जन्मलेला, कोणताही प्राणी. मराठीत अर्थ आकुंचित झाला, तरी त्या शब्दातील सजीवतेची ही मूळ जाणीव येथे उपयोगी पडते.

'गावठी' आणि 'बॉयलर' या विरोधी जोडीचाही येथे उल्लेख करणे अवश्य आहे. मांसासाठी वाढविलेल्या कोंबडीचे इंग्रजी नाव 'ब्रॉयलर'. मुंबईच्या तोंडी त्याचे 'बॉयलर' झाले आणि पुढे पोल्ट्रीतून येणाऱ्या सगळ्यालाच ते लागू झाले. वस्तुतः अंडी देणारी कोंबडी वेगळ्या जातीची असते. गावठी म्हणजे निर्दोष, हा अर्थ शब्दाला चिकटलेला आहे, जंतूला नव्हे. उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यावरही साल्मोनेला असू शकतो.

या घोटाळ्यांवर उपाय भाषेबाहेर शोधण्याची गरज नाही. 'ताप औषधाला दाद देत नाही' हा मराठीतील जुना प्रयोग आहे. त्यात कर्ता ताप आहे, माणूस नाही. त्याच धर्तीवर 'जंतू औषधाला दाद देत नाहीत' असे म्हटले, की कर्ता आपल्या जागी येतो. 'जंतू निर्ढावले' हाही प्रयोग ऐकू येतो व तो बराच जवळचा आहे. मात्र एकच जंतू हळूहळू निर्ढावतो असे नसून निर्ढावलेले तेवढे मागे उरतात, हे तो वापरताना विसरू नये.

८. व्यवहारातील अर्थ

औषधाला दाद न देणारा जंतू उष्णतेलाही दाद देत नाही काय? देतो. 'प्रतिरोधी' या शब्दाने अजिंक्यतेचा भास होतो, पण हा प्रतिरोध विशिष्ट औषधापुरता असतो. पांढरा व पिवळा असे दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजविले असता प्रतिरोधी जंतूही इतरांसारखाच मरतो. म्हणून गाडीवरचे नीट उकडलेले अंडे किंवा पूर्ण शिजलेली भुर्जी यांविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. पिवळा बलक वाहता ठेवलेला हाफ फ्राय आणि व्यायामशाळेतील तरुण दुधात घालून पितात ते कच्चे अंडे, यांत धोका शिल्लक राहतो. घरी मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर तो पत्करू नये. तडकलेले अंडे घेऊ नये. अंडी घरी आणताच धुऊन साठवू नयेत. कोरडी, थंड जागी, इतर अन्नापासून वेगळी ठेवावीत. कच्चे अंडे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण शिजल्याने अंड्यातील जंतू मरतो, ओट्यावर सांडलेला नाही.

औषधाविषयीचा बोध वैद्याच्या आज्ञेइतकाच साधा आहे. प्रतिजैविक सांगितल्यावाचून घेऊ नये. सांगितले तर मात्रा व दिवस यांत आपल्या मताने काटछाट करू नये. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत. हा नियम दादरच्या घरातील माणसाला लागू आहे, तसाच दूरच्या खुराड्यातील कोंबड्यांना औषध देणाऱ्यालाही. दोघांच्या हाती एकच चाळणी आहे आणि तिच्यात मागे उरणारे जंतू दोघांना समाईक आहेत. 'मला सवय झाली' असे म्हणणाऱ्याला हे नाते कधीच दिसणार नाही. 'जंतू दाद देत नाहीत' असे म्हणणारा निदान पुढचा प्रश्न विचारील की, हे जंतू आले कोठून, आणि त्यांना कोणी चाळले.